फेमीचे इम्लाख

शनिवार, ४ मार्च

सँडीनं आज बाबांना नळीत थुंकायला लावलं!

एकोणनव्वद वर्षांचा माणूस. तोंड कोरडं पडतं म्हणून मी सारखा चहा पाजत असते, आणि हा माझा भाऊ एडिनबराहून एवढी गाडी हाकत येतो ते बापाच्या तोंडापुढे प्लास्टिकची नळी धरायला. "अजून थोडं, बाबा. रेघेपर्यंत यायला हवं." बाबा बिचारे गाल आत ओढून जुळवाजुळव करतायत. मी सिंकपाशी उभी. हातात बशी होती, ती फेकली नाही एवढंच.

आणि हे कशासाठी? तर आडनावाचा इतिहास! साहेबांनी वकिली सोडली, आता वेळ जात नाही, तर म्हणे इम्लाख घराणं मुळात कुठलं ते शोधायचं. थुंकीतून कळतं. स्वतःची नळी त्यानं आधीच भरून ठेवली होती. माझ्यासाठीही एक आणली होती. म्हटलं, "माझी थुंकी माझ्याकडे राहू दे. कधी कोणावर लागेल सांगता येत नाही."

झाकण लावून झाल्यावर बाबा म्हणाले, "निघेल ते निघेल रे, सँडी. तू आपला जेवायला येत जा." तो नळीवर तारीख घालत होता. ऐकलंच नाही.

रविवार, ५ मार्च

गेला एकदाचा. बाबांसाठी बेकरीतून आणलेले लोण्याचे पाव एकट्यानं संपवून गेला.

जाताना भांडण झालंच. मी विचारलं, तुझ्या त्या घराण्याच्या कागदांवर फेमी लिहिलंस ना? तर म्हणतो, "असली नावं अधिकृत नसतात, एल्सी. कुळाच्या मंडळातले लोक हसतील." हसतील! या गावात अर्धी माणसं इम्लाख, आणि पुरुषांत बघावं तो जॉन. नुसतं जॉन इम्लाख म्हटलं तर पोस्टमनसुद्धा विचारतो, कोणाचा? फेमीचा, कॉडीचा, की टेकडीवरचा? बोटीच्या कागदावर, मतदारयादीत, शाळेच्या हजेरीत, सगळीकडे आडनावावर हे नाव लागतं. आजोबा फेमीचे, बाबा फेमीचे, मी फेमीची. फेमी म्हणजे आमची पणजी. आडनाव समुद्रात बुडालं तरी चालेल, वरचं नाव गेलं तर माणूस सापडायचा नाही.

सँडीला त्याची लाज वाटते. कॉलेजात कोणीतरी म्हणालं होतं, बाईच्या नावानं ओळखली जाणारी माणसं. त्यानंतर त्यानं आईला बजावलं, पत्राच्या पाकिटावर ते लिहू नकोस. आई लिहीत राहिली. बरं केलं.

रविवार, ९ एप्रिल. ईस्टर

किल्ट घालून आला!

हिरव्यानिळ्या चौकड्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, कमरेला केसाळ बटवा, मोज्यात सुरा. सुरा! बेकरीत लागायच्या आधी मी अर्धं आयुष्य मासळीच्या शेडमध्ये सुरी चालवली, पण मोज्यात कधी खुपसली नाही. आमच्या किनाऱ्यावर कोणाच्या बापानं किल्ट घातला होता? बाबा हसता हसता ठसका लागून लाल झाले. "हे घालून जानेवारीत बोटीवर ये, सँडी. काय काय गोठतं ते मग सांग." टीना आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, शेजारच्याच घरातली, ती तर उठली आणि किल्टचं कापड चिमटीत धरून बघितलं. "पडद्याचं उरलं होतं का रे?"

त्यालाही जरा हसू आलं. तेवढ्यापुरता बरा वाटला.

मग मटणाचं भांडं बाजूला सारून वंशावळीचा तक्ता पसरला. आपण म्हणे डोंगरातल्या एका मोठ्या कुळाची शाखा. त्या कुळाला सरदार आहे, बोधचिन्ह आहे, मंडळ आहे, आणि मंडळानं आपल्याला आपलं म्हटलंय! कॅनडात एक वॉलेस इम्लाख सापडलाय, आपल्या पणजोबांच्या थोरल्या भावाच्या घरातला. "म्हणजे घराण्याचा प्रमुख तो." आणि ते बोधचिन्ह पुढेमागे दगडावर कोरता येईल. कोणाच्या दगडावर? बाबा समोर बसून बटाटा चिरडत होते, आणि हा त्यांच्या ताटावरून त्यांच्याच थडग्याच्या गोष्टी करतोय!

"दगडावर फेमी येईल ना?" मी विचारलं.

"बघू."

बघू म्हणजे नाही. मला काय कळत नाही?

सोमवार, १० एप्रिल

तक्ता इथेच ठेवून गेलाय. बाबांना चष्म्यानंही दिसत नाही, मीच बघितला. पणजोबा जॉन इम्लाख, देवळाचे पंच, ऐंशी पार करून घरी अंथरुणात वारले.

अंथरुणात!

आमचा जॉन बोटीसकट समुद्रात गेला. परत किनाऱ्याला लागलासुद्धा नाही. हा देवळाचा पंच म्हणजे कॉडीचा जॉन! वरचं नाव गाळलं आणि आमचा शहाणा सरळ दुसऱ्याच्या घरात शिरला. म्हणजे तो कॅनडावाला कॉडीचा. ज्यांच्या आजोबांनी आमची जाळी कापली ते कॉडी! (ते म्हणतात जाळी आधीच फाटकी होती.) त्यांच्या दुकानावरून जायला नको म्हणून बाबा अजून रस्ता ओलांडतात.

एवढा शिकला, पण घरातली नावं कुठून आली एवढं तरी विचारायचं होतं. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, ही आमच्याकडची रीत. आजोबा सँडी होते म्हणून हा सँडी. आजोबांनी बाबांना बुडालेल्या जॉनचं नाव दिलं. बाबांना विचारलं असतं तर चहा संपायच्या आत सगळं कळलं असतं. पण बाबांना विचारायचं नाही, बाबांना थुंकायला लावायचं.

आधी खूप हसले, मग तळपायाची आग मस्तकात गेली. फोन उचलला आणि ठेवला. नाही सांगणार. मिरवू दे. चारचौघांत तोंडावर पडेल तेव्हा मी समोर असेन.

मंगळवार, २ मे

बाबांनी आज सूप परत केलं. धुरावलेल्या हॅडक माशाचं, दूध घालून केलेलं. दोनच चमचे खाल्ले.

शनिवार, १७ जून

बाबांचा नव्वदावा वाढदिवस. सँडी आला नाही!

फोनवर म्हणतो, कामात आहे. निवृत्त माणूस कसल्या कामात? कुळाच्या मंडळाचं काही असेल म्हणून विचारलं, तर "ते नको आता." म्हटलं, बरं, थुंकीचं काय झालं? "अजून आलं नाही." थापा! बेकरीतल्या मोरागच्या नवऱ्यानं त्याच्या मागून पाठवलं, त्याचं कधीच आलं. बापाला थुंकायला लावायला वेळ होता. केक कापायला नाही.

बाबांनी दाराजवळची खुर्ची त्याच्यासाठी रिकामी ठेवायला लावली. टीना आत्यानं तिच्यावर पर्स ठेवली तर म्हणाले, "उचल ती." चौघं जण उभ्यानं केक खात होते, खुर्ची रिकामी. रोज जे माणूस तोंडात घास घालतं त्याच्यासाठी कोणी खुर्ची ठेवत नाही. लिहिते आहे ते बरोबर नाही, माहीत आहे. पण लिहिणार.

शनिवार, २६ ऑगस्ट

बाबांची पाठ पुसत होते. पाठ कसली, नुसत्या फळ्या राहिल्यात. मध्येच म्हणाले, "एल्सी, पहिली दोरी."

शवपेटी खड्ड्यात उतरवायच्या आठ दोऱ्या असतात. डोक्याकडची पहिली. ती कोणाच्या हातात, त्यावरून गावाला कळतं की गेलेलं माणूस कोणाचं होतं. आईच्या वेळी आमच्या गावात बायकांना दोरी देत नव्हते. मी कब्रस्तानच्या भिंतीपाशी उभी राहिले, आणि ज्यांनी आईला वर्षभरात पाणी विचारलं नव्हतं ते दोरी धरून उभे. आता बायकांना देतात. मी टॉवेल तसाच धरून थांबले. खरं सांगायचं तर वाट बघत होते.

"पहिली सँडीला दे."

"सँडीला?"

"तुझं तुला माहीत आहे, पोरी. त्याला लागेल."

काय लागेल? कशाला लागेल? एवढी वर्षं मी लघवीच्या चादरी धुतल्या, मला काही लागत नाही! मी टॉवेल जरा जोरात फिरवला असेल. बाबा म्हणाले, "हळू." मग मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

बाबा गेले. सकाळी, चहा निवत होता तेव्हा.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

सँडी आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. जरा कीव येणार होती, तेवढ्यात त्यानं तोंड उघडलं.

अंत्यविधीचं बघणाऱ्या रेनीबाई दोऱ्यांची कार्डं घेऊन आल्या होत्या. कार्डावर पेटीचं छोटं चित्र, भोवती आकडे, ज्याला जी दोरी तिथे त्याचं नाव घालायचं. मी मन घट्ट करून म्हटलं, "पहिली सँडीची. बाबांनी सांगितलंय."

तर म्हणतो, "नको. पहिली वॉलेसला द्या. तो कॅनडाहून येतोय. खरा इम्लाख तो."

"आणि तू?"

"मी नाही धरणार. पाठ दुखते माझी."

पाठ! रेनीबाई कार्डांकडे बघत बसल्या. त्यांच्यासमोर काय बोलणार? बापानं मरताना दिलेली दोरी, ती मला नाही दिली, याला दिली, आणि हा ती टपाल वाटल्यासारखी परक्याला देतो! मला दुसरी दिली आहे, पायाकडची. उपकार झाले.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "बाबा म्हणाले होते, तुला लागेल."

"असं म्हणाले?" एवढंच विचारलं आणि वर बाबांच्या खोलीत निघून गेला. त्या खोलीत आता काही नाही, नुसता पलंग आहे. तिथे संध्याकाळपर्यंत काय करत होता देव जाणे.

बुधवार, १ नोव्हेंबर

बोलले. सगळं बोलले.

वॉलेस आला. चांगला धिप्पाड, टकलू, मऊ बोलणारा. हातात मेपलच्या पाकाची बाटली. शिवाय दारातच बूट काढले, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येईना. स्टेक पाय केला होता, मांस भरून भाजलेला. सँडी, टीना आत्या, वॉलेस आणि मी जेवायला बसलो. वॉलेस म्हणाला, "पहिली दोरी मला देताय, हा फार मोठा मान आहे. माझी आजी सांगायची, तिचे चुलत सासरे देवळाचे पंच होते."

मी चमचा खाली ठेवला.

"वॉलेस, तुमचा यात काही दोष नाही. पण ते पंच कॉडीचे. तुम्ही कॉडीचे. आमचा जॉन बुडाला, तुमचा अंथरुणात गेला. तुमची माणसं खाली बंदरापाशी राहतात, मासळीच्या दुकानाच्या वर, आणि माझा बाप त्यांच्या सावलीला उभा राहत नव्हता."

"एल्सी, पाहुण्यांसमोर नको," सँडी म्हणाला.

"पाहुणे तू आणलेस! नाव गाळलंस ना फेमीचं? लाज वाटत होती ना? आता ऐक. आपण इम्लाख नाहीच! जॉन बुडाला, त्यावर दोन हिवाळे गेले आणि मग आजोबा जन्मले. कोणाचे, ते फेमीला ठाऊक. गावानं बुडालेल्याचं आडनाव पोराला दिलं, कारण काहीतरी द्यायला हवं होतं, आणि वर फेमीचं नाव लावलं म्हणजे कोणाची फसवणूक नको. मासे साफ करताना बायका सांगायच्या हे. तुला कोण सांगणार? तू चौदाव्या वर्षी पुस्तकं घेऊन पळालास. इम्लाखांचं रक्त थेंबभर नाही आपल्यात! रक्त रक्त करत आलास ना? घे!"

वाटलं होतं ओरडेल. वकील आहे, तोंड आहे त्याला. पण तो पांढरा पडला. पायच्या ताटाकडे बघत हळूच म्हणाला, "बाबांना माहीत होतं? आजोबांचं?"

"सगळ्यांना माहीत होतं!"

"आणि त्यांना चालायचं?"

चालायचं म्हणजे काय? हा काय प्रश्न झाला? मी काही म्हणायच्या आत उठला, कोटही न घेता बाहेर गेला, खाली धक्क्याकडे.

टीना आत्या म्हणाली, "झालं समाधान?"

"हो," मी म्हटलं.

"खोटं बोलू नकोस, एल्सी. तुझा बाप पेटीत पडलाय, ऐकायला येणार नाही म्हणून काहीही बोलशील?" मग तिनं वॉलेसला पायचा आणखी एक तुकडा वाढला, आणि त्या बिचाऱ्यानं तो खाल्लासुद्धा.

एप्रिलपासून वाट बघत होते मी या दिवसाची. गंमत वाटली नाही. त्याचाच जास्त राग येतोय.

गुरुवार, २ नोव्हेंबर

वॉलेस सकाळी कॉडीच्या दुकानात गेला, आणि त्यांनी त्याला दुपारपर्यंत सोडलं नाही! जाळीची गोष्टही ऐकवली असणार, त्यांच्या बाजूची. येऊन बूट काढून दारात उभा राहिला आणि पहिल्या दोरीचं कार्ड माझ्या हातात दिलं. "हे माझं नाही, बाई. पण उद्या येईन. मागे उभा राहीन." कॉडी असून चांगला माणूस आहे. बाबांना सांगता आलं असतं तर!

रेनीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मग पहिली तुम्हीच घ्या, एल्सी. सगळं गाव हेच म्हणेल."

पहिली दोरी माझी! कार्ड काळ्या कोटाच्या खिशात ठेवलंय. दोनदा काढून बघितलं. जे हवं होतं ते मिळालं, आणि घर खायला उठलंय. सँडी टीना आत्याकडे झोपतोय. माझ्याकडे बघत नाही, आणि मीही बोलावणार नाही. तिच्याकडून निरोप आला, तो उद्या येईल, पण लांब उभा राहील. राहू दे. नाटकं!

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

वारा फार होता. सँडी भिंतीपाशी उभा, आईच्या वेळी मी होते त्याच जागी. रेनीबाईंनी "पहिली" म्हटलं आणि मी दोरी सोडून तरातरा त्याच्याकडे गेले. भांडायलाच गेले होते.

"दुसरी तरी धर! बाप आहे तुझा."

"नाही," तो म्हणाला. "थुंकीचं मे महिन्यातच आलं, एल्सी. माझं आणि त्यांचं जुळत नाही. आईनं... मी त्यांचा नाही. कुठल्या तोंडानं धरू?"

मला बाबांची ती पाठ आठवली, टॉवेल, आणि "त्याला लागेल." आजोबांचं नाव याला दिलं होतं. पहिल्या मुलाला देतात ते.

सगळं गाव बघत होतं. त्याचा हात धरून ओढत आणला, खिशातलं कार्ड त्याच्या मुठीत कोंबलं, त्यावर दोरी दिली.

"धर, फेमीच्या," म्हटलं.

धरली. मी पायाकडची घेतली. बाबा सरळ उतरले.